जुन्या फेनयंत्राची दुरुस्ती

श्रोतेहो, आजचा विषय आपणांपैकीं कित्येकांस थोडा अपरिचित वाटेल. रंगीत माशांची कांचेची पेटी पुष्कळांच्या दिवाणखान्यांत असते. तींत गोडें पाणी असतें. परंतु कांहीं हौशी कुटुंबें खाऱ्या पाण्याची टांकी ठेवितात आणि तींत माशांबरोबर जिवंत प्रवाळेंहि वाढवितात. अशा टांकीखालच्या कपाटांत एक उंच पारदर्शक नळकांडें रात्रंदिवस घुरघुरत उभें असतें. त्यास प्रोटीन स्किमर असें म्हणतात. प्रोटीन म्हणजे प्रथिन, आणि स्किमर म्हणजे वर आलेली साय किंवा मळी काढून घेणारा. आजच्या भाषणापुरतें मी त्यास फेनयंत्र म्हणणार आहें. हें यंत्र आठदहा वर्षें चाललें म्हणजे मंदावतें, पेल्यांत फेस येईनासा होतो, आणि "आतां हें गेलें, नवें आणा" असा निकाल घरांत दिला जातो. माझें सांगणें असें कीं, हा निकाल बहुधा घाईचा असतो. फेनयंत्र तुंबतें आणि झिजतें, एवढेंच त्याचें म्हातारपण. आणि तुंबलेलें मोकळें करणें व झिजलेलें बदलणें हें घरच्या माणसास जमण्याजोगें काम आहे. मात्र तें कोणत्या क्रमानें करावें आणि काय मुळींच करूं नये, हें ठाऊक पाहिजे.

प्रथम या यंत्राची गरज कां पडते तें पाहूं. पोवळें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अंगठींतला तांबडा खडा येतो. जिवंत प्रवाळ म्हणजे असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत होय. हे प्राणी चुन्याचें घर बांधतात, आणि स्वतःच्या शरीरांत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या मदतीनें सूर्यप्रकाशावर पुष्कळसें पोट भरतात. ज्या समुद्रांत त्यांचे खडक वाढतात तेथील पाणी बहुधा नितळ असतें. कुजकें द्रव्य त्यांत फार थोडें. घरच्या टांकींत याच्या उलट स्थिति. मासे खातात व मलोत्सर्ग करितात. उरलेलें अन्न तळाशीं कुजतें. प्रवाळें स्वतःहि एक चिकट स्राव सोडतात. समुद्र हें सारें पोटांत घालतो. दोनशें लिटरांच्या टांकीस तें झेपत नाहीं. कुजण्याच्या क्रियेंत प्राणवायु खर्च होतो आणि मागें नायट्रेट व फॉस्फेट हीं द्रव्यें उरतात. त्यांवर हिरवें शेवाळ माजतें. आणि फॉस्फेट फार वाढलें म्हणजे प्रवाळांस चुन्याचें घर बांधणें कठीण जातें.

घाण कुजण्यापूर्वींच पाण्याबाहेर काढावयाची, हें फेनयंत्राचें मुख्य काम. शिवाय तें पाण्यांत सारखी हवा मिसळीत असल्यामुळें टांकीचें फुप्फुसहि तेंच असतें. २६ अंश सेल्सिअस उष्णतेच्या समुद्राच्या पाण्यांत हवेंतून लिटरमागें जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायु मुरतो. दिवसां प्रवाळांतील शेवाळ त्यांत भर घालतें, रात्रीं तेंच शेवाळ तो खर्च करितें. म्हणून यंत्र थांबलें तर खरी कसोटी पहिल्याच रात्रीं लागते.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत प्रवाळांचा समावेश २००१ सालीं झाला. मालवणच्या किंवा दुसऱ्या कोणत्याहि किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ उचलून आणणें हा गुन्हा आहे. तेव्हां जें प्रवाळ रीतसर मार्गानें घरीं आलें असेल, तें मेलें तर दुसरें आणूं, असा हिशेब कोणी करूं नये. जुन्या यंत्राच्या दुरुस्तींत पणास लागलेली वस्तु हीच आहे. यंत्राची किंमत ही त्यापुढें किरकोळ होय.

आतां तत्त्वाकडे वळूं. ज्यांनीं गुऱ्हाळ पाहिलें आहे त्यांस तें चटकन् समजेल. कढईंत उसाचा रस तापूं लागला आणि त्यांत भेंडीचें चिकट पाणी पडलें, कीं रसांतील गाळ फेसाबरोबर वर येतो; गुळव्या ती मळी झाऱ्यानें काढून टाकतो. येथें अग्नीच्या जागीं हवेचे बुडबुडे असतात. प्रथिनें, स्निग्ध पदार्थ इत्यादि द्रव्यांच्या पुष्कळ रेणूंचें एक टोक पाण्याशीं सख्य करणारें आणि दुसरें पाणी टाळणारें असतें. असा रेणु बुडबुड्यास भेटला म्हणजे पाणी टाळणारें टोक हवेच्या बाजूस व दुसरें पाण्यांत ठेवून तेथेंच चिकटून राहतो. बुडबुडे वर चढतात, एकावर एक रचले जातात, मधलें पाणी खालीं निथळतें, आणि मळकट तपकिरी फेस अरुंद गळ्यांतून चढून वरच्या पेल्यांत पडतो. पावसाळ्यांत खवळलेल्या समुद्राच्या कांठीं पिवळट फेसाचे जे ढीग दिसतात, त्यांचें कारणहि बरेंचसें असेंच आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, बुडबुडा लहान असावा. तेवढ्याच हवेचे बुडबुडे निम्म्या व्यासाचे केले तर त्यांचा एकंदर पृष्ठभाग दुप्पट होतो. शिवाय लहान बुडबुडा सावकाश चढतो, त्यामुळें त्यास घाण गोळा करण्यास अवधि मिळतो. दुसरी ही कीं, गोड्या पाण्यांत बुडबुडे एकमेकांत मिसळून लौकर मोठे होतात, समुद्राच्या पाण्यांत तसे सहजासहजीं होत नाहींत. म्हणून दुरुस्त केलेलें यंत्र नळाच्या पाण्यांत चालवून पाहिलें तर गळती तेवढी कळेल. फेसाविषयीं कांहींच कळणार नाहीं. बादलींत घालून परीक्षा घ्यावयाची तर टांकींतून बदलून काढलेलें खारें पाणी घ्यावें.

१९६० नंतरच्या दशकांत जर्मनींत एर्विन झांडर यांच्या यंत्रांनीं ही पद्धति हौशी लोकांच्या टांक्यांपर्यंत पोंचविली. त्या वेळचें यंत्र साधें होतें. एक उभी नळी. तिच्या तळाशीं लांकडाचा सच्छिद्र ठोकळा. त्यांतून हवा फुंकावयाची. पाणी वरून खालीं आणि बुडबुडे खालून वर. हें लांकूड लाइमवुड या नांवानें विकलें जातें. नांवावरून तें आपल्या लिंबाचें असावें असें वाटतें. परंतु तें युरोपांतील लिंडेन नांवाच्या अगदीं निराळ्या वृक्षाचें आहे. त्यांतून बुडबुडे फार बारीक निघतात. मात्र ठोकळा कांहीं आठवड्यांत तुंबतो आणि बदलावा लागतो. पुढें व्हेंचुरीचीं यंत्रें आलीं. नळी जेथें अरुंद होते तेथें पाण्याचा वेग वाढतो व दाब घटतो, या गोष्टीचा अभ्यास इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांनीं १७९७ सालीं प्रसिद्ध केला. त्या अरुंद जागीं भोंक ठेविलें म्हणजे बाहेरची हवा आपोआप आंत ओढली जाते. त्याहून अलीकडच्या यंत्रांत पंपाच्या फिरकीसच बारीक सुया बसविलेल्या असतात; ओढून घेतलेल्या हवेचा त्या अक्षरशः भुगा करितात.

बनावट बदलली तरी तत्त्व बदललें नाहीं, आणि त्याचें प्रत्यंतर प्रयोगानेंहि आलेलें आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनीं २००९ सालीं व त्यानंतर निरनिराळ्या बनावटींच्या फेनयंत्रांचीं मोजमापें घेऊन प्रसिद्ध केलीं. पाण्यांतील सेंद्रिय कर्बापैकीं सुमारें पंचमांश ते तृतीयांश एवढाच भाग हीं यंत्रें काढूं शकलीं, आणि महागडें व साधें यांच्या कामांत फारसा फरक आढळला नाहीं. तेव्हां चांगल्या स्थितींत आणलेलें जुनें यंत्र केवळ जुनें म्हणून टाकण्याचें कारण उरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष दुरुस्ती. यंत्र उघडण्यापूर्वीं त्याच्या पायथ्याशीं पाणी किती उंच आहे तें पाहावें. कपाटांतील खालच्या टांकींत उभें राहणारें फेनयंत्र ठराविक खोलीच्या पाण्यासाठीं केलेलें असतें. बहुधा ती सात ते नऊ इंच असते. उन्हाळ्यांत वाफ होऊन पाणी दोन इंच उतरलें कीं गळ्यांतील फेसाची पातळी उतरते आणि पेला कोरडा राहतो. पाणी अधिक खोल झालें तर उलट पेला पातळ पाण्यानें भरून वाहतो. कित्येक 'बिघडलेलीं' यंत्रें एवढ्यानेंच सुधारतात. कमी पडलेली उंची गोडें शुद्ध पाणी घालून भरून काढावी, खारें नव्हे. कारण वाफेबरोबर पाणी जातें, मीठ मागें राहतें.

पाण्याची उंची बरोबर असेल तर दुसरी तपासणी हवेची. जेथें कोरडी हवा आणि खारा तुषार यांची गांठ पडते, त्या भोंकाशीं मिठाची खपली धरते. हवेच्या नळीचें टोक बोटानें क्षणभर दाबावें. बोटास ओढ लागली आणि बुडबुड्यांत फरक पडला तर वाट मोकळी आहे. ओढ लागलीच नाहीं तर वाट तुंबली आहे किंवा पंप थकला आहे. उपाय सोपा आहे. यंत्र चालू असतांनाच नळीचें टोक पेलाभर कोमट शुद्ध पाण्यांत बुडवावें. पंप तें पाणी ओढून घेतो आणि मीठ विरघळतें. हें आठवड्यांतून एकदां केलें तर यंत्राचें निम्मे दुखणें उद्भवतच नाहीं. सुई किंवा तार घालून भोंक कोरूं नये. भोंक मोठें झालें म्हणजे बुडबुडेहि मोठे होतात.

तिसरा क्रम पंपाचा. आणि खरी झीज येथेंच होते. पंपास हात लावण्यापूर्वीं विजेची खुंटी भिंतींतून काढून घ्यावी. केवळ बटण बंद करणें पुरेसें नाहीं. जेथें पाणी आणि वीज एकत्र नांदतात तेथें गळती झाल्यास प्रवाह तोडणारा सुरक्षा-स्विच घरांत असलाच पाहिजे. पंपाचें तोंड फिरवून काढलें म्हणजे आंत फिरकी, तिला जोडलेला लोहचुंबक आणि मधोमध चिनी मातीची बारीक दांडी दिसते. दांडी ठिसूळ असते. ती वाकवून काढूं नये, सरळ ओढावी. हे भाग एकास एक प्रमाणांत शिरका व पाणी घेऊन त्यांत रात्रभर भिजत घालावे. शिरका नको असेल तर किराणा दुकानांत मिळणारें लिंबूसत्व लिटरभर कोमट पाण्यांत दोन मोठे चमचे घालावें. चुन्याचा थर फसफसून सुटतो. मग जुन्या दांतांच्या ब्रशानें सुयांमधील मळ हलक्या हातानें काढावा.

आतां तीन गोष्टी पाहाव्या. सुया मोडल्या आहेत काय? थोड्या मोडल्या असतील तर चालेल. एकाच बाजूच्या मोडल्या असतील तर फिरकी डुगडुगते, आवाज करिते आणि दांडी खाते. दांडीवर चर पडला आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचें, लोहचुंबक फुगला आहे काय? त्याच्या वरच्या कवचास चीर गेली कीं खारें पाणी आंत शिरतें, चुंबक गंजतो, फुगतो आणि खोबणींत घासूं लागतो. असा चुंबक घासून बारीक करण्याची युक्ति कांहीं लोक सांगतात. ती सर्वस्वीं त्याज्य आहे; त्याचा गंज थेट प्रवाळांच्या पाण्यांत उतरतो. तेवढा भाग नवा आणावा.

पंपाविषयीं एक विशेष गोष्ट, कारण ती आपल्याकडे वरचेवर घडते. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांस त्यांच्या अमेरिकेंतील मुलानें बारा वर्षें वापरलेलें फेनयंत्र पाठविलें. तेथील वीज १२० व्होल्ट दाबाची आणि येथील २३०. म्हणून त्यांनीं मध्यें ट्रान्सफॉर्मर बसविला. यंत्र फिरूं लागलें, परंतु फेस कांहीं केल्या चढेना. सारे भाग स्वच्छ होते, झीज नव्हती. कारण निराळेंच होतें. तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनें करिते, येथील ५०. आणि या जातीच्या पंपाची फिरकी आवर्तनांशीं बांधलेली असते. तेथें मिनिटास ३,६०० फेरे घेणारी फिरकी येथें ३,००० च घेते. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तनें बदलीत नाहीं. वेग एकषष्ठांशानें उतरला, ओढ घटली, आणि मोटार मात्र अधिक तापूं लागली. त्या नळकांड्यास बसेल असा २३० व्होल्ट, ५० आवर्तनांचा पंप त्याच्या फिरकीसह घेतला. बाकी सर्व जुनेंच ठेविलें. तें यंत्र उत्तम चालतें आहे.

चौथा क्रम नळकांड्याचा. तें अॅक्रिलिकचें असतें. त्यास उकळतें पाणी, स्पिरिट किंवा थिनर लावूं नये. पाण्यानें तें वांकतें आणि स्पिरिटानें त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. सांध्यांतील रबरी कडीं चपटीं किंवा कडक झालीं असतील तर बदलावीं, आणि नव्यांस सिलिकोनचें ग्रीज अगदीं थोडें लावावें. अंगास बारीक चीर गेली असेल तर तिच्या टोकाशीं लहानसें छिद्र पाडतात, म्हणजे चीर पुढें सरकत नाहीं. नंतर चिरेंत द्रावक सोडून ती व तें छिद्र बुजवितात. दुकानांच्या अॅक्रिलिक पाट्या करणारे कारागीर हेंच काम क्लोरोफॉर्मनें रोज करितात. त्याची वाफ घातक असल्यामुळें हें काम घरीं न करतां त्यांच्याकडून करून घेणें बरें. सांधलेला भाग पुरता वाळवून, दोनतीन वेळां पाणी बदलून भिजवून, मगच टांकीस लावावा.

पांचवा आणि शेवटचा क्रम गळ्याचा व पेल्याचा. गळ्याच्या आंतल्या बाजूस चिकट तपकिरी लेप बसतो आणि चढणारा फेस तेथेंच फुटतो. गळा दर दोनतीन दिवसांनीं साध्या पाण्यानें व मऊ फडक्यानें पुसावा.

आतां निषेध सांगतों. ते थोडे आहेत, परंतु एकेक मोलाचा आहे. साबण किंवा भांडीं घासण्याची पूड यंत्रास लावूं नये. तिचा अंश राहिला तर फेस बेफाम होऊन पेला वाहतो, आणि प्रवाळांसहि तो बाधतो. पितळेची किंवा तांब्याची कडी, स्क्रू, तार वापरूं नये. तांब्याचा अल्पसा अंशहि प्रवाळें, कोळंबी, शंख यांस मारक आहे. नळी आवळावयास नायलॉनची पट्टी घ्यावी. बुरशी न येण्याचें औषध मिसळलेलें न्हाणीघराचें सिलिकोन वापरूं नये. आणि कपडे पांढरे करण्याचें ब्लीच व शिरका किंवा दुसरें कोणतेंहि आम्ल कधींहि एकत्र करूं नये. त्यांतून विषारी क्लोरिन वायु निघतो. हा धोका माशांस नव्हे, तर दुरुस्ती करणाऱ्यास आहे.

दुरुस्ती चालली असतां टांकीची काळजी विसरतां कामा नये. यंत्र काढण्यापूर्वीं हवेचा साधा पंप लावून पाणी खळबळतें ठेवावें, त्या दिवशीं माशांस अन्न अगदीं बेताचें घालावें, आणि काम सकाळीं आरंभावें, म्हणजे रात्रीपूर्वीं कांहींतरी निर्णय होतो. भिजत घालण्यास रात्र लागणार असेल तर हवेचा पंप सकाळपर्यंत चालू ठेवावा.

यानंतर जें घडतें त्यानें पुष्कळांचा धीर सुटतो, म्हणून तें आधींच सांगून ठेवितों. आम्लानें लख्ख केलेलें यंत्र परत बसविलें कीं पहिले कांहीं दिवस फेस येत नाहीं, किंवा पातळ व अनियमित येतो. आंतल्या भिंतींवर सेंद्रिय द्रव्याचा सूक्ष्म लेप पुन्हां बसेपर्यंत असें चालावयाचेंच. अशा वेळीं मनुष्य उतावळा होऊन पाण्याची तोटी आवळतो, गळ्यांतील पातळी चढवितो. आणि मग एखाद्या रात्रीं फेस एकाएकीं उसळून पेला भरतो व फरशीवर पाणी होतें. तोटी प्रथम पुरती उघडी ठेवावी, पातळी गळ्याच्या बुडाशीं असूं द्यावी, आणि दिवसाला थोडी थोडी चढवावी. माशांस खाऊं घातल्यावर किंवा टांकींत हात घातल्यावर कांहीं तास फेस बसतो. अन्नांतील व त्वचेवरील स्निग्धता त्यास कारण. त्या वेळींहि तोटीस हात लावूं नये. चांगल्या फेसाची खूण ही कीं, तो गळ्यांत सावकाश चढतो, वर कोरडा व खालीं ओलसर असतो, आणि पेल्यांत चहाच्या काढ्यासारखें काळपट, दुर्गंधी पाणी सांचतें. तो वास आला म्हणजे दुरुस्ती साधली असें समजावें.

शेवटीं एक लहानशी सूचना. कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटवावा आणि त्यावर हवेची वाट केव्हां धुतली, फिरकी केव्हां काढली, पाण्याची उंची किती होती, हें तारीखवार लिहून ठेवावें. पंपाची सफाई दर तीनचार महिन्यांनीं पुरे होते. यंत्र मंदावलें कीं नवें विकत घेण्यापूर्वीं तो कागद वाचावा. बहुतेक वेळां दुखण्याचें नांव त्यावरच लिहिलेलें आढळेल.